हुजऱ्या, खिजमतगार, परिचारक : राजगृहातील निकटसेवकाचे स्थान

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• राजगृहातील निकटसेवक आणि दरबारी अधिकारी यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• मराठेशाहीतील काही प्रसंगांच्या आधारे निकटसेवकाच्या कार्याचे व स्थानाचे विश्लेषण करता येईल;
• स्वेच्छेची सेवा आणि लादलेली सेवा यांत भेद करता येईल;
• सेवावाचक मराठी शब्दांच्या अर्थांत कालौघात झालेले बदल सोदाहरण सांगता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ऐतिहासिक मराठी नाटकात एक पात्र हमखास आढळते. ते पडदा उघडण्यापूर्वीच दाराशी उभे असते, कोणी आल्याची वर्दी देते, 'जशी आज्ञा' म्हणून मुजरा करते आणि विंगेत जाते. पात्रपरिचयात त्याला पुष्कळदा नावही नसते. 'हुजऱ्या' एवढाच उल्लेख असतो. नाटकाच्या दृष्टीने हे पात्र गौण असेल, परंतु ज्या व्यवस्थेचे ते प्रतिनिधित्व करते तिच्यात त्याचे स्थान गौण होते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. राजाच्या पाण्याचा पेला, त्याचा बिछाना, त्याचे शस्त्र आणि त्याच्या दालनाचे दार ही चारही ज्याच्या हाती असतात, त्या माणसाला अधिकार नसेल, पण सामर्थ्य नसते असे म्हणता येत नाही.

इतिहासाची साधने राजे, प्रधान आणि सेनापती यांच्याविषयी विपुल बोलतात. निकटसेवकांविषयी ती सहसा तेव्हाच बोलतात, जेव्हा काही विपरीत घडते. प्रस्तुत घटकात आपण अशाच काही प्रसंगांच्या आधारे या सेवकवर्गाचे स्वरूप समजावून घेणार आहोत. आपला विषय मराठी भाषा व साहित्य हा असल्यामुळे इतिहासाबरोबरच शब्दांच्या इतिहासाकडेही लक्ष देऊ.

२. निकटसेवक म्हणजे कोण?

राजाच्या भोवतीची माणसे सोयीसाठी तीन वर्तुळांत विभागता येतात. सर्वांत बाहेरचे वर्तुळ दरबारी अधिकाऱ्यांचे. प्रधान, चिटणीस, फडणीस, पोतनीस हे त्यातले. त्यांचा संबंध राजाच्या पदाशी असतो. मधले वर्तुळ राजवाड्यातील निरनिराळ्या खात्यांत काम करणाऱ्यांचे. मुदपाकखान्यातील आचारी, फरासखान्यातील फरास, पागेतील मोतद्दार हे त्यातले. त्यांचा संबंध राजाच्या घराशी असतो. सर्वांत आतले वर्तुळ प्रत्यक्ष राजाच्या अंगसेवेतील माणसांचे. हुजऱ्या, खिजमतगार, पाणी देणारा आबदार, विडा देणारा, चवरी ढाळणारा, पाय चेपणारा ही ती माणसे. त्यांचा संबंध राजाच्या देहाशी असतो. या आतल्या वर्तुळातील माणसाला आपण येथे 'निकटसेवक' म्हणत आहोत.

यातील बरेच शब्द फारसी-अरबी मुळाचे आहेत. 'हुजूर' म्हणजे समोर असणे, सान्निध्य. आपला 'हजर' हा शब्द त्याच कुळातला. म्हणून हुजऱ्या म्हणजे सदैव समोर हजर असणारा. 'खिदमत' म्हणजे सेवा; तिचे मराठी रूप 'खिजमत' आणि ती करणारा खिजमतगार. 'आब' म्हणजे पाणी, म्हणून पाण्याची व्यवस्था पाहणारा तो आबदार. पेशवेकालीन कागदपत्रांत अशा खासगी नोकरवर्गाला एकत्रितपणे 'शागीर्दपेशा' ही संज्ञा आढळते. 'शागीर्द' म्हणजे शिष्य आणि 'पेशा' म्हणजे व्यवसाय. धन्याच्या जवळ राहून त्याच्या सवयी व मर्जी शिकून घेणे हाच या माणसांचा पेशा होता, असे या संज्ञेवरून म्हणता येईल.

वर्तुळांची ही विभागणी लक्षात ठेवताना एक विसंगतीही ध्यानात घ्यावी. पदाच्या उतरंडीत जो सर्वांत खाली, तोच अंतराच्या मापाने राजाच्या सर्वांत जवळ असतो. प्रधानाला भेटीसाठी वेळ मागावी लागते. हुजऱ्याला लागत नाही. निकटसेवकाच्या स्थानाविषयीचे सारे प्रश्न या विसंगतीतून उद्भवतात.

३. प्राचीन परंपरा

निकटसेवकाविषयीची सावधगिरी भारतीय राजनीतीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजाच्या आत्मरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे. राजाने अन्न घेण्यापूर्वी त्याचा अंश अग्नीला व पक्ष्यांना द्यावा, म्हणजे विषाची परीक्षा होते, असे तेथे सांगितले आहे. स्नान घालणारे, अंग चेपणारे, शय्या घालणारे, वस्त्रे धुणारे व माळा गुंफणारे यांच्यावरही बारीक नजर ठेवण्याचा विचार त्यात आहे. शत्रू सीमेवर असतो, पण धोका शयनगृहातही असू शकतो, ही जाणीव त्यामागे आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना प्राचीन मराठी पद्यांच्या नमुन्यांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात राजाच्या 'उपभोगां'चे सविस्तर वर्णन येते. गृह, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्र, माल्य, चामर, छत्र, शय्या अशी वीस उपभोगांची मालिका तेथे आहे. या यादीकडे आपण दुसऱ्या बाजूने पाहिले तर ती सेवकांची यादी ठरते. तांबूल राजाचा उपभोग असेल, तर तो लावणारा हात कोणाचा तरी असतो. ग्रंथकार उपभोगाचे नाव घेतो, हात अध्याहृत ठेवतो.

४. मराठेशाहीतील व्यवस्था

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या काळात शिवचरित्राची बखर लिहिली. मराठेशाहीतील राजगृहाची रचना सांगताना 'अठरा कारखाने व बारा महाल' असे जे म्हटले जाते, त्याचा महत्त्वाचा आधार ही बखर आहे. जामदारखाना, मुदबखखाना, आबदारखाना, शरबतखाना, फरासखाना, शिकारखाना, नगारखाना ही कारखान्यांची काही नावे. तर पागा, पालखी, कोठी, थट्टी, दरुणी ही महालांची काही नावे. यांतील 'दरुणी' म्हणजे आतला भाग, अंतःपुर. येथे 'कारखाना' या शब्दाचा आजचा यंत्रोद्योगाचा अर्थ घेऊ नये. विशिष्ट वस्तूंचा साठा, निगा व पुरवठा करणारे खाते असा त्याचा अर्थ आहे.

या रचनेचा हेतू केवळ थाट हा नव्हता. राजाला लागणारी प्रत्येक वस्तू हिशेबात असावी आणि तिच्यासाठी कोणीतरी जबाबदार असावे, अशी ती योजना होती. जबाबदारी नेमून दिली की दोष कोणाचा हे ठरवता येते. आणि ज्या घरात पाण्याच्या पेल्यातूनही मृत्यू येऊ शकतो, तेथे हे ठरवता येणे आवश्यक असते.

शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'त व्यवहारात रुळलेल्या फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवलेले आहेत. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशाने राज्यकारभाराबरोबरच राजाच्या उपभोग्य वस्तूंच्या शब्दांकडेही लक्ष दिले. तथापि पुढील शतकात पेशव्यांच्या वाड्यात हुजऱ्या, खिजमतगार, आबदार हेच शब्द चालू राहिले. कोशाने शब्द सुचवता येतात. ते तोंडी रुळवणे हे वापरणाऱ्यांच्या हाती असते, हा भाषाविषयक धडा त्यातून मिळतो.

५. निकटसेवकाची चार कार्ये

निकटसेवकाच्या कामाचे चार भाग पाडता येतात.

(अ) अंगसेवा : स्नान, वस्त्रे, भोजन, तांबूल, शय्या यांची व्यवस्था पाहणे. हे त्याचे उघड कार्य.

(आ) राखण : राजा निःशस्त्र किंवा निद्रिस्त असताना त्याच्याजवळ तोच असतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत अफझलखानाचा सय्यद बंडा महाराजांवर चालून आला असता जिवा महाला याने त्याला मारले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्यावरून रूढ झाली. सेवकाचे नाव धन्याच्या नावाशी यमकाने जोडणारी, आणि तेही धन्याच्या आधी घेणारी अशी म्हण विरळाच.

(इ) द्वारनियंत्रण : कोणाची वर्दी आधी द्यायची, कोणाला 'स्वारी विश्रांती घेत आहे' असे सांगून परतवायचे, हे बऱ्याच अंशी दाराशी असणाऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे याचक आणि कधीकधी सरदारही निकटसेवकाची मनधरणी करतात. भेटी, नजराणे व लाचखोरी यांचा उगम येथेच होतो.

(ई) राजत्वाचे दर्शन : छत्र, चामर, अबदागीर, सोट्याचा चोपदार यांच्यामुळे राजा हा राजा म्हणून दिसतो. सेवक नसेल तर राजा आणि इतर माणूस यांच्यात डोळ्यांना जाणवणारा भेद फारसा उरत नाही.

चौथे कार्य समजण्यासाठी आग्र्याहून सुटकेचा, ऑगस्ट १६६६ मधील प्रसंग उपयोगी पडतो. महाराज निसटल्यावर त्यांच्या बिछान्यात हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला, असे वर्णन आढळते. त्याचे पाय चेपीत बसलेल्या मदारी मेहतराची कथाही परंपरेने सांगितली जाते; तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कथा म्हणून ती का पटते, हे पाहण्यासारखे आहे. पहारेकऱ्यांना चेहरा दिसण्याची गरज वाटली नाही, कारण सेवा चालू असलेली दिसत होती. जेथे पाय चेपणारा आहे तेथे राजा आहेच, असे पाहणाऱ्याने गृहीत धरले. सेवकाची नित्यक्रिया हाच धन्याच्या उपस्थितीचा पुरावा ठरला.

६. एका दालनातील तीन सेवक

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. पगाराच्या तक्रारीचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. जीव वाचवण्यासाठी नारायणराव चुलते रघुनाथराव यांच्याकडे धावले आणि त्यांना त्यांनी मिठी घातली. सुमेरसिंग गारदी मागोमाग आला. तुळाजी पवार या रघुनाथरावांच्या बाजूच्या सेवकाने नारायणरावांचा पाय ओढून त्यांना दूर केले. त्याच वेळी नारायणरावांचा सेवक चापाजी टिळेकर हा हाती शस्त्र नसताना धन्याकडे धावला आणि त्याने त्यांना आपल्या देहाने झाकले. दोघेही एकदमच मारले गेले. त्या दिवशी वाड्यातील इतर सेवक आणि कुळंबिणीही बळी पडल्या.

या प्रसंगावर मराठीत विपुल लेखन झाले. कृ. प्र. खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी' हे १९०९ मधील नाटक या कथेवरच उभे आहे. सामान्यतः चर्चा होते ती राघोबा, आनंदीबाई आणि 'ध'चा 'मा' यांची. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र या घटनेतील सेवकांकडे पाहणे आवश्यक आहे.

चापाजीला स्वामिनिष्ठ आणि तुळाजीला विश्वासघातकी म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. चापाजीच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तुळाजी ज्या पक्षाचा होता, त्या पक्षाच्या दृष्टीने त्यानेही सेवाच केली. निकटसेवकाची निष्ठा राज्याशी किंवा न्यायाशी नसून एका व्यक्तीशी असते. ती व्यक्ती निरपराध असेल तर निष्ठा त्यागरूप होते. ती व्यक्ती कारस्थानी असेल तर तीच निष्ठा शस्त्ररूप होते. सेवकाचा हात तोच, त्याला वळण देणारा धनी वेगळा.

याच घटनेने सेवेचा तिसरा नमुनाही पुढे आणला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हेही पेशव्यांच्या पदरीच होते. त्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि त्यांच्या राज्यात राहण्याचे नाकारून ते पुणे सोडून गेले. चापाजीने धन्यासाठी प्राण दिला, तुळाजीने धन्यासाठी प्राण घेतला, आणि रामशास्त्र्यांनी धन्याला 'नाही' म्हटले. हे 'नाही' म्हणण्याचे सामर्थ्य रामशास्त्र्यांना त्यांच्या चारित्र्याबरोबरच त्यांच्या पदानेही दिले होते. खिजमतगाराजवळ असे पद नव्हते. म्हणून सेवकांचे मूल्यमापन करताना, त्यांना नकाराची किती मुभा होती हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

७. सेवेतून सत्तेकडे : त्र्यंबकजी डेंगळे

सान्निध्याचे सत्तेत रूपांतर कसे होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे त्र्यंबकजी डेंगळे. तो मूळचा जासूद. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ विजय मिळवल्यावर दुसरा बाजीराव महाडकडे निघून गेला. त्या धामधुमीत पत्र पोहोचवून अल्पावधीत उत्तर आणल्यामुळे त्र्यंबकजी पेशव्यांच्या नजरेत भरला आणि त्यांच्या खासगी सेवेत शिरला, असे सांगितले जाते. तेथून तो चढत गेला. १८१४ मध्ये अहमदाबादची सरसुभेदारी त्याच्याकडे आली आणि पेशव्यांच्या कारभारात त्याचा शब्द निर्णायक ठरू लागला.

जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूर येथे खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आलेले होते. रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्र्यंबकजीवर आरोप ठेवला आणि त्याला ताब्यात देण्याचा आग्रह धरला. बाजीरावाने टाळाटाळ केली, पण अखेर त्याला स्वाधीन केले. त्र्यंबकजीची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला. बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनामुळे प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नोकरीत शिरलेला मराठी मोतद्दार घोड्याची निगा राखताना खिडकीखाली गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत कळवीत असे. पहारेकरी युरोपीय होते. त्यांना मराठी कळत नव्हते.

ही हकिकत भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी. नोकर काम करताना गुणगुणतो, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. सेवकाकडे पाहूनही न पाहण्याची धन्याची सवय हीच येथे किल्ल्याची फट ठरली.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत. जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्यांना मोठी मानहानी पत्करावी लागली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. त्र्यंबकजी पुन्हा पकडला गेला आणि काशीजवळच्या चुनार किल्ल्यात बंदिवान म्हणून राहिला. एका सेवकामुळे राज्य गेले असे म्हणणे मात्र कारणमीमांसेच्या दृष्टीने अपुरे ठरेल. सरदारांवरचा विश्वास उडालेल्या राज्यकर्त्याला ज्याला स्वतःचे घराणे नाही, सैन्य नाही, असा माणूस सुरक्षित वाटतो, कारण तो सर्वस्वी धन्यावर अवलंबून असतो. त्र्यंबकजीचा उदय हे पेशव्यांच्या एकाकीपणाचे लक्षण होते; मूळ रोग निराळा होता.

जगाच्या इतर भागांतही असे घडले आहे. फ्रान्सचा चौदावा लुई सकाळी उठताना त्याला अंगरखा देण्याचा मान उमराव आपसांत वाटून घेत. इंग्लंडमध्ये राजाच्या शौचविधीच्या वेळी उपस्थित राहणारा सेवक पुढे दरबारातील वजनदार व्यक्ती ठरला. व्हिक्टोरिया राणीच्या सेवेत १८८७ मध्ये दाखल झालेला भारतीय सेवक अब्दुल करीम तिचा 'मुन्शी' झाला आणि दरबाऱ्यांच्या रोषाला पात्र ठरला. स्थळ-काळ बदलले तरी सान्निध्य, मर्जी आणि मत्सर यांची साखळी तीच राहते.

८. ज्यांना नकार देता येत नव्हता

निकटसेवेचा इतिहास निष्ठा आणि महत्त्वाकांक्षा यांच्या कथांनी संपत नाही. पेशवेकालीन वाड्यांत, कोठ्यांत आणि किल्ल्यांवर कुळंबिणी व बटकी राबत असत. त्या पगारी नोकर नव्हत्या. काही लढाईत पकडून आणलेल्या, काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, काही व्यभिचाराच्या आरोपावरून शिक्षा म्हणून गुलामगिरीत लोटलेल्या असत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि त्यांच्या नोंदी सरकारी दप्तरांत वस्तूंप्रमाणे आढळतात. दळण-कांडण, पाणी भरणे, झाडलोट, अंतःपुरातील सेवा ही त्यांची कामे.

कंपनी सरकारने १८४३ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पण 'बटीक' हा शब्द शिवीच्या रूपाने पुढेही राहिला. या स्त्रियांविषयी बोलताना 'स्वामिनिष्ठा' हा शब्द वापरणे चुकीचे ठरेल. निष्ठा ही देण्याची गोष्ट आहे, आणि ज्या व्यक्तीच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नाही, तिच्याजवळ देण्यासाठी काय असणार? एकाच दालनात चवरी ढाळणारा मानकरी, पगारी खिजमतगार आणि विकत घेतलेली कुळंबीण असे तिघे उभे असत. 'सेवक' या एका शब्दाने तिघांचा निर्देश केला की त्यांच्यातील हे अंतर नाहीसे होते. अभ्यासकाने ते पुन्हा दाखवून द्यावे लागते.

९. देव हाच राजा : पंढरपूरचे सेवाधारी

राजे गेले, वाडे पडले; तथापि राजगृहातील निकटसेवेची रचना महाराष्ट्रात एका ठिकाणी दीर्घकाळ टिकली. ते ठिकाण म्हणजे पंढरपूरचे विठ्ठलमंदिर. देवाला राजा मानून त्याला जागवणे, स्नान घालणे, पोशाख चढवणे, नैवेद्य दाखवणे व निजवणे या उपचारांना 'राजोपचार' म्हणतात. या उपचारांसाठी सेवाधाऱ्यांची सात घराणी होती : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. पुजारी पूजा करी, बेणारी मंत्र म्हणे, परिचारक पाणी आणून देई, हरिदास पदे गाई, डिंगरे देवाला आरसा दाखवी, दिवटे मशाल धरी आणि डांगे दंड घेऊन उभा राही. आपण वर पाहिलेले आबदार, मशालजी आणि चोपदार येथे देवाच्या सेवेत आढळतात. दरबारातील काम येथे घराण्याचे आडनाव झाले.

ही सेवा वंशपरंपरागत हक्क होती आणि हक्काबरोबर उत्पन्न व वाद हेही आले. पंढरपूरच्या मंदिरांविषयी १९७३ मध्ये कायदा झाला, आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांच्या पारंपरिक हक्कांचा प्रश्न निकाली निघाला. 'जवळ कोणी उभे राहायचे' हा प्रश्न देवाच्या बाबतीतही सत्तेचाच प्रश्न असतो, हे त्यातून दिसते.

वारकरी परंपरेने या रचनेला एक विलक्षण उत्तरही दिले. संत जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. आणि परंपरा असे सांगते की साक्षात विठ्ठल तिला दळू लागतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाने पाणी वाहणारा गडी हा प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, अशीही कथा आहे. मंदिरात देव राजा आणि माणूस सेवक. भक्तिकथेत भक्त धनी आणि देव पाणक्या. ज्या समाजात जन्मानेच सेवा वाट्याला येत होती, तेथे कल्पनेच्या पातळीवर का होईना, ही उलटापालट होणे ही लहान गोष्ट नव्हती.

१०. शब्दांचा प्रवास

शब्दाच्या मूळ अर्थाला कालांतराने हीनता येते तेव्हा त्यास अर्थापकर्ष, आणि प्रतिष्ठा येते तेव्हा त्यास अर्थोत्कर्ष म्हणतात. सेवावाचक शब्द या दोन्ही प्रक्रियांची उत्तम उदाहरणे पुरवतात.

'हुजऱ्या' म्हणजे समोर हजर असणारा. आज 'हुजरेगिरी' म्हणजे लाचार खुशामत. 'खिजमत' हा शब्दही आता बहुधा उपरोधाने वापरला जातो. लोकशाहीत व्यक्तिनिष्ठ सेवेला मान उरला नाही, हे या अर्थापकर्षाचे कारण सांगता येईल.

याउलट 'परिचारक' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'परिचारिका' हे आज रुग्णसेवेच्या व्यवसायाचे प्रतिष्ठित नाव आहे. काम पाहिले तर ते पुष्कळसे तेच आहे : पाणी देणे, अंग पुसणे, बिछाना नीट करणे, रात्री जागणे. बदल झाला तो सेव्य व्यक्तीत आणि सेवेच्या अटींत. ही सेवा एका धन्याची नसून गरजवंताची आहे. तिला शिक्षण, वेतन आणि नियम यांचा आधार आहे. कामाची प्रतिष्ठा कामावरच अवलंबून नसते, ते कोणत्या नात्यात केले जाते यावर अवलंबून असते, हे या दोन शब्दांची तुलना करता स्पष्ट होते.

'चोपदार' या शब्दाने तिसरा मार्ग धरला. 'चोब' म्हणजे काठी, म्हणून चोपदार म्हणजे दंडधारी. आज वारीत चोपदाराने दंड उंचावला की हजारो वारकरी शांत होतात. दरबारातील शिस्त येथे राजाशिवाय टिकून आहे. हैबतरावबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले, हे लक्षात घेतले की या वारशाची वाट कळते.

११. सारांश

निकटसेवक हा पदाने खालचा, पण सान्निध्याने सर्वांत जवळचा असतो. अंगसेवा, राखण, द्वारनियंत्रण आणि राजत्वाचे दर्शन ही त्याची चार कार्ये होत. त्याची निष्ठा व्यक्तीशी असल्याने ती चापाजीप्रमाणे त्यागाकडे किंवा तुळाजीप्रमाणे हत्येकडे नेऊ शकते; आणि त्र्यंबकजीप्रमाणे सत्तेकडेही नेऊ शकते. कुळंबिणींची सेवा लादलेली होती, म्हणून तिला निष्ठेच्या मापाने मोजता येत नाही. राजोपचारांच्या रूपाने ही व्यवस्था मंदिरात टिकली, भक्तिसाहित्यात ती उलटवली गेली, आणि भाषेत तिचे शब्द अर्थापकर्ष व अर्थोत्कर्ष अशा दोन्ही दिशांनी गेले.

१२. पारिभाषिक शब्द

आबदारखाना : पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे खाते.
जामदारखाना : मौल्यवान वस्त्रे व चीजवस्तू यांचे कोठार.
फरास : बिछायती, तंबू व दिवाबत्ती यांची व्यवस्था करणारा.
थट्टी : गाईगुरांचा गोठा.
मोतद्दार : घोड्याची निगा राखणारा नोकर.
जासूद : निरोप्या, बातमीदार.
सेव्य : ज्याची सेवा करावयाची ती व्यक्ती.

१३. सरावासाठी स्वाध्याय

(१) 'पदाने दूर, देहाने जवळ' या विसंगतीच्या आधारे निकटसेवकाचे स्थान स्पष्ट करा.
(२) १७७३ च्या घटनेतील चापाजी टिळेकर, तुळाजी पवार व रामशास्त्री प्रभुणे यांच्या सेवेची तुलना करा.
(३) 'हुजऱ्या' आणि 'परिचारिका' या शब्दांच्या अर्थपरिवर्तनाची कारणे विशद करा.
(४) टीपा लिहा : शागीर्दपेशा, राजोपचार, कुळंबीण.

१४. क्षेत्रीय कार्य

पालेगाव, अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर परिसरातील विद्यार्थ्यांना या विषयाच्या खुणा जवळच आढळतील. अंबरनाथचे शिवालय शिलाहार राजवटीतील असून तेथील लेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. मंदिराच्या भिंतींवरील शिल्पांत देवतांच्या बाजूला उभ्या असलेल्या लहान आकाराच्या सेवकमूर्ती शोधा. त्यांच्या हातांत काय आहे आणि मुख्य मूर्तीच्या तुलनेत त्यांची उंची किती ठेवली आहे, याची नोंद करा. ज्या किल्ल्यातून त्र्यंबकजी निसटला तो ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. ते बाहेरूनच पाहता येईल. तसेच आपल्या परिसरातील रुग्णालयात, घरकामात किंवा कार्यालयात सेवा करणाऱ्या एका व्यक्तीशी, तिच्या संमतीने आणि तिचे नाव न लिहिता, संवाद साधा. तिला कोणत्या नावाने हाक मारली जाते आणि स्वतःच्या कामासाठी ती कोणता शब्द वापरते, हे दोन्ही शब्द टिपून घ्या. त्या दोन शब्दांत अंतर असेल, तर त्याविषयी दोनशे शब्दांत लिहा.